उसाची वाहतूक : भार किती आणि कसा?

गाळप हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळत असल्याने एका खेपेत चार मोळ्या अधिक चढविण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि, भार किती घ्यावा हे ट्रॉलीत उरलेल्या जागेवरून ठरत नाही.

नोंदणी प्रमाणपत्रावर रिकाम्या वाहनाचे वजन आणि भारासह अनुज्ञेय एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक हीच भारक्षमता होय. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. म्हणून तिचे आकडे वेगळे पाहावे लागतात. रिकामी ट्रॉली २ टनांची आणि एकूण वजनाची मर्यादा ८ टनांची असेल, तर तीत ६ टनच ऊस भरता येईल.

‘ट्रॅक्टर ओढतो आहे ना, मग झाले’ असे चालक अनेकदा म्हणतात. परंतु ओढणे निराळे आणि थांबविणे निराळे. सपाटीवर दोन ट्रॉल्या सहज ओढणाऱ्या ट्रॅक्टरला उतारावर त्याच ट्रॉल्या मागून रेटू लागतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो आणि वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा फिरवू शकते. डिझेल वाचविण्यासाठी अशा वेळी गिअर काढून टाकणे हा तर निव्वळ अविचार. त्यामुळे इंजिनाचा अटकावही नाहीसा होतो.

भार कोठे ठेवला, यालाही तितकेच महत्त्व आहे. बैलगाडी हाकणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. मागे ओझे वाढले की गाडी उलार होते, पुढे वाढले की जू बैलांच्या मानेवर दाबते. दुचाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. मागचा भार जोडणीची दांडी वर उचलतो व ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सैल होते; पुढचा भार अति झाला, की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग निरुपयोगी ठरते. उसाची थप्पी उंच गेल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो आणि साधा खड्डाही ट्रॉली उलटविण्यास पुरेसा होतो.

रस्त्याचे नुकसान तर भाराच्या प्रमाणातही राहत नाही. आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने ते वाढते, असे अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचण्यांतून दिसून आले. म्हणजे भार दुप्पट, तर झीज सोळापट.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद केली. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज वाहन पुढे नेता येत नाही व उतरविण्याचा खर्चही सोसावा लागतो. रस्त्याकडेला उतरविलेला ऊस वाळून त्याचे वजन घटते, ते वेगळेच.