विटाळ कशाचा?

आजचा विषय चारचौघांत काढण्याची आपल्याकडे रीत नाही. "आई आज बाजूला का बसली?" असे लेकराने विचारले, तर "तिला कावळा शिवला" म्हणून आपण मोकळे होतो. पण जिच्यावाचून कोणाचाही जन्म होत नाही, त्या गोष्टीची लाज का बाळगावी? म्हणून आज मासिक पाळीविषयी चार गोष्टी सरळ बोलू.

पाळी म्हणजे काय, ते आधी पाहू. गर्भ राहिला तर त्याला जागा हवी, म्हणून गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होते. पाहुणा यायचा म्हणून आपण अंथरूण घालतो ना, तसेच. पाहुणा आला नाही की अंथरूण गुंडाळतो. तसे गर्भ न राहिल्यास ते अस्तर थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडते. बहुतेक मुलींना 10 ते 15 या वयात पाळी सुरू होते. मोठ्या बाईला ती साधारण 21 ते 35 दिवसांनी येते आणि 2 ते 7 दिवस राहते. यात घाण नाही आणि पापही नाही.

तरी विटाळाची समजूत जगभर पसरलेली आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वी रोममध्ये प्लिनी नावाच्या लेखकाने लिहून ठेवले, की विटाळशीच्या सावटाने द्राक्षाचा रस आंबतो आणि पिके करपतात. 1920 साली व्हिएन्नाच्या बेला शिक नावाच्या डॉक्टरनेही, अशा बाईच्या हातात फुले लवकर कोमेजतात, असे मांडले. पुढे ते टिकले नाही. आपल्याकडे म्हणतात, लोणचे नासते. अहो, लोणचे नासते ते ओल्या चमच्याने आणि कमी मिठाने!

गंमत पाहा, मुलीला पहिले न्हाण आले की पूर्वी तिला मखरात बसवीत, ओटी भरीत. आणि पुढच्याच महिन्यात तिला बाजूला बसवीत! ओडिशात ज्येष्ठ संपताना धरणीमाता रजस्वला होते असे मानून तीन दिवस नांगर धरीत नाहीत. तिला विसावा देतात, सण करतात. आपल्याकडे मात्र ऋषिपंचमीला बाया बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य करतात, ते नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून. उपास ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण निसर्गाने दिलेल्या गोष्टीचे प्रायश्चित्त कशासाठी, एवढे मनाशी विचारून पाहावे.

हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. चोखोबांचे जन्मगाव म्हणून ज्याला मान आहे, ते मेहुणा राजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी सुमारे 700 वर्षांपूर्वी आपल्या अभंगातून विचारले होते, की विटाळाशिवाय घडलेला देह दाखवा तरी!

समजूत नुसती मनात राहिली असती तर एक वेळ चालले असते. पण ती जिवावर बेतते. गडचिरोलीच्या काही गावांत बायांना पाळीत गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. तिथे साप-विंचवाचे भय असते. नेपाळात अशाच 'छाउपडी' प्रथेत कित्येक जीव गेले, तेव्हा 2017 साली तिथे कायदा करून तिला गुन्हा ठरवावे लागले.

आपल्या घरातली गोष्ट याहून साधी आहे, म्हणून ती नजरेत येत नाही. पिंपळगाव राजासारख्या गावात ऊन काय कमी आहे? मिरच्या वाळतात, कुरडया वाळतात. पण पाळीची घडी मात्र कोणाला दिसू नये म्हणून लुगड्याखाली, नाहीतर न्हाणीच्या अंधारात दडवतात. ती ओलसर राहते, तीत जंतू वाढतात, आणि मग खाज, जळजळ असे त्रास मागे लागतात. मायबहिणींनो, दुखणे रक्तामुळे येत नाही, ते अशा लपवण्यामुळे येते.

तेव्हा एवढे करावे. घडी स्वच्छ सुती कापडाची घ्यावी. ती दर चार-सहा तासांनी बदलावी. आधी थंड पाण्याने, मग साबणाने धुवावी आणि उघड्या उन्हात कडक वाळवावी. राख किंवा भुसा वापरू नये. विकतचे पॅड वापरल्यास ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे, संडासात नव्हे. रोज अंघोळ करावी आणि पोटभर जेवावे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 100 पैकी 57 बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून पालेभाजी, डाळ आणि लिंबू ताटात असू द्यावे. सात दिवसांहून जास्त रक्त गेले, तासा-दोन तासांनी घडी भिजू लागली, पोटदुखी सोसवेना, किंवा सोळाव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, तर अंगारा-धुपारा करीत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलीला पाळी येण्याआधीच, पाचवी-सहावीत, हे समजावून सांगा. मुलांनाही सांगा, म्हणजे डाग दिसल्यावर हसणारा कोणी उरणार नाही. शाळेच्या संडासाला आतून कडी आणि आत पाणी आहे ना, ते स्वतः पाहा. कित्येक मुली तेवढ्यासाठीच महिन्यातले चार दिवस घरी बसतात.

आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनो, तुमच्याकडे मागणे फार नाही. आवारात उन्हाच्या बाजूला एक दोरी बांधून द्या. त्या दोरीवर काय वाळते आहे, याची चर्चा मात्र करू नका.