ज्येष्ठमध, बोर आणि केमोथेरपी

कर्करोगाच्या उपचारात रोगापेक्षा औषधाचा त्रासच कित्येकदा रुग्णाला नमवितो. इरिनोटेकान या औषधाने होणारे तीव्र जुलाब सर्वज्ञात आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे युंग-ची चेंग यांनी त्यावर सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा 'हुआंग छिन थांग' हा चिनी काढा अभ्यासास घेतला. त्यात घटक चारच: हुआंग छिन व पिओनी यांची मुळे, ज्येष्ठमध आणि चिनी बोर. ज्येष्ठमध तर आपल्या प्रत्येक घरात असते! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या काढ्याने आतड्याची हानी भरून येण्यास साहाय्य झाले. परंतु ती आतडी उंदरांची होती.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र घातक आहे. १९९०च्या दशकारंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या गोळ्यांत चुकून भलतीच चिनी वनस्पती मिसळली गेली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

सहीपूर्वी बारीक अक्षरे वाचण्याची सवय मला बँकेने लावली; औषधाच्या वेष्टनावरही ती मी सोडत नाही. चीनमध्ये रक्तवर्धक म्हणून अशक्तांना दिले जाणारे 'अजियाओ' गाढवाच्या कातड्यापासून बनते. असे कोणतेही औषध घरात येण्यापूर्वी त्याची घटकसूची कर्करोगतज्ज्ञांपुढे ठेवावी.