घाटाखालचा पंचनामा

धारूरचा घाट उतरून आमची जीप तेलगावच्या रस्त्याला लागते आणि थांबते. पुढे दहा-बारा वाहनांची रांग. सहा वाजून गेलेत, पण जानेवारीतलं धुकं उसाच्या फडांवरून रस्त्यावर उतरलंय, नीट दिसत नाही. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून पुढच्याला विचारतो. उत्तर येतं, "मोटारसायकल घुसली ट्रॉलीत." गाळप हंगामात या भागात एवढं सांगितलं की पुरतं. चूक कुणाची तेही त्यातच आलं.

उतरून पुढे जातो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक उभ्या आहेत, हेड, म्हणजे ओढणारा ट्रॅक्टर, जाग्यावर नाही. मागच्या ट्रॉलीचं बेअरिंग फुटून चाक तिरकं झालंय, म्हणून ड्रायव्हर रात्रीच हेड सोडून मिस्त्रीला आणायला गेला आणि राखणीला एका पोराला बसवून गेला. पोरगं गोधडी पांघरून उभं आहे, कुणी काही विचारलं की नुसतं बघतं. मोटारसायकल अजून ट्रॉलीखालीच आहे, हँडल आत, मागचं चाक बाहेर. चालवणाऱ्याला एकशेआठच्या गाडीने अंबाजोगाईला नेलंय. मांडीचं हाड मोडलंय, पण शुद्धीवर होता म्हणतात. मागे बसलेला त्याचा चुलतभाऊ कोपराला रुमाल बांधून कडेला बसलाय.

ट्रॉलीची मागची बाजू मी जवळ जाऊन बघतो. खालच्या फळीला चकाकती लाल-पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, पण तिच्यावर चिखलाचा थर, आणि वरून उसाची वाढी लोंबतायत. एका कोपऱ्यात सुतळीने जुनी सीडी बांधलीय. मागच्या दिव्याची चौकट आहे, आत बल्ब नाही. असता तरी काय? ट्रॉलीच्या दिव्याला वीज हेडच्या बॅटरीतून येते. हेड सोडलं की ट्रॉलीवर अंधारच. मागे दहा-पंधरा पावलांवर दगड मांडलेत, डांबराच्याच रंगाचे, आणि एक बाभळीची फांदी. हे दगड मला ट्रॉलीपेक्षा जास्त खटकतात. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात.

जमादार टेप घेऊन उभे आहेत, बरोबर एक शिपाई. "पंच पाहिजेत दोन," ते म्हणतात आणि गर्दी लगेच विरळ होते. पंच म्हटलं की पुढे कोर्टाचं समन्स आलंच. चहाच्या टपरीवाल्याला ते हुकमाने ओढतात. मग माझ्याकडे बघतात. "तुम्ही शिकलेले दिसता. या."

शिपाई टेप धरतो. डांबरी रस्ता सात मीटर. ट्रॉलीचा जवळजवळ सगळाच भाग डांबरावर, फक्त डावी चाकं साइडपट्टीला टेकलेली. "अजून खाली का नाही घेतली?" जमादार पोराला विचारतात. उत्तर टपरीवाला देतो, "कुठं घेनार साहेब? पट्टी बघा की." खरंच, डांबराच्या कडेपासून मुरूम वीतभर खचलाय. भरलेली ट्रॉली तिथे उतरवली असती तर आडवीच झाली असती. सदोष रस्त्यामुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर ठेकेदाराला, सल्लागाराला आणि रस्ता ज्याच्या ताब्यात त्या यंत्रणेला 1 लाख रुपयांपर्यंत दंड करता येईल असं कलम, 198अ, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलंय. जमादार खचलेल्या पट्टीकडे बघतात, टेप मात्र तिकडे जात नाही.

मालक बुलेटवरून येतो. रात्रभर झोप नसावी, डोळे लाल. आधी चाक बघतो, मग मोटारसायकल, मग पोराला, "तू कुठं होतास रं?" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मागून येणाऱ्यानं बघून चालवाया नको का? येवढी डोंगरायेवढी ट्रॉली दिसत न्हाई?"

दोन-चार माना डोलतात. चुलतभाऊ बसल्या जागेवरून बोलतो, आवाज शांत आहे. "समोरून हेड आलं. वर चार लाइटी लावलेल्या. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. दगड दिसला तवा भावानं ब्रेक मारला."

अगदी हाच प्रसंग सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेलाय. रस्त्याच्या मधोमध, दिवे न लावता उभा असलेला गॅसचा टँकर, समोरून येणाऱ्या वाहनांच्या झोताने दिपलेला मोटारचालक, आणि धडक. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये तो निकाल फिरवून सगळा दोष टँकरवाल्यावर ठेवला. सप्टेंबर 2024 मध्ये हमरस्त्यावर बिनदिव्याने उभ्या असलेल्या चौदा चाकी ट्रेलरच्या प्रकरणातही तसंच. शिवाय चालकाची चूक असली तरी ती त्याच्याबरोबर बसलेल्याच्या माथी मारता येत नाही, हेही त्यात आलं. म्हणजे या चुलतभावाला कोपराची भरपाई मागायची तर मोटारसायकल कोण किती जोरात चालवत होता, हा प्रश्न त्याला आडवा येऊ नये. निम्मा-निम्मा हा शब्द ऐकायला न्याय्य वाटतो. 10 लाख मंजूर होतात आणि घरी 5 येतात, तेव्हा त्याचा अर्थ कळतो.

पण भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे ही ट्रॉली, हे धुकं, हा चिखलाने झाकलेला रिफ्लेक्टर यातलं काहीच जाणार नाही. जाईल तो जमादारांच्या मांडीवरच्या पॅडवरचा कागद.

ते लिहितायत आणि लिहिता लिहिता बोलतायत. "सदर ठिकाणी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या रोडच्या डाव्या बाजूस उभ्या असून, मागील ट्रॉलीस मोटारसायकलने पाठीमागून धडक दिल्याचे दिसून येते..."

"दिवा नाही ते?" मी विचारतो.

"घेतो ना." घेतात. रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, तेही घेतात. दगड घेताना थांबतात. "दगड तर त्याच्या बाजूचे झाले. खबरदारी घेतली म्हणंल वकील."

"रंग लिहा मग," टपरीवाला म्हणतो. जमादार हसतात आणि 'काळसर' असं लिहितात. पंच म्हणून टपरीवाला माझ्यापेक्षा बरा आहे.

गुन्हा कुणावर, हे मात्र इथे ठरत नाही. "साहेब ठरवतील." असं वाहन उभं करणं मोटार वाहन कायद्याच्या 122 कलमात मना आहे. सार्वजनिक रस्त्यावर धोका निर्माण करण्याला भारतीय न्याय संहितेच्या 285 कलमात 5000 रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत तो 200 होता, तेवढी प्रगती. बऱ्याचदा मात्र मागून धडकणाऱ्यावरच हयगयीचा गुन्हा नोंदवला जातो, आणि तो मेला असेल तर आरोपीच उरत नाही म्हणून कागद बंद होतो. ट्रॉलीवाला साक्षीदारही नसतो मग.

"रात्री आठपासून उभी हाय ही," गर्दीतून कुणीतरी म्हणतं. "तुमची गस्तीची गाडी गेली की इथून."

जमादार ऐकून न ऐकल्यासारखं करतात. बेवारस सोडलेलं वाहन दहा तासांनी हलवता येतं, आणि वाहतुकीला धोका असेल तर पोलिसांना लगेच, असं 127 कलम सांगतं. मी ते हळूच बोलतो. "भरली ट्रॉली?" ते म्हणतात. "क्रेन बीडवरून बोलवायची. तिचं भाडं कोन देनार? आन् मोळ्या उतरवायच्या तर टोळी पाहिजे, टोळी फडात." यात खोटं काही नाही. 2025 च्या मे महिन्यात गेवराईजवळ गढीला दुभाजकावर आदळलेली गाडी लोक स्वतः काढायला गेले, मागून ट्रक आला आणि सहाजण गेले. थांबलेलं वाहन लवकर काढणं हे कुणाचंच काम नसेल तर ते रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर येतं.

तेवढ्यात मालक चुलतभावाशेजारी उकिडवा बसतो. आवाज उतरलाय. "दवाखान्याचं बघून घेऊ आपुन. कोर्टकचेरीत काय ठेवलंय?"

चुलतभाऊ त्याच्याकडे न बघता विचारतो, "विमा हाय का?"

"हाय की. हेडाचा हाय."

"ट्रॉलीचा?"

मालक गप्प. कायद्याने ट्रॉली हेही वाहनच आहे. तिची नोंदणी वेगळी, विमा वेगळा. उभं वाहन म्हणजे वापरातलं वाहन नव्हे, हा बचाव विमा कंपन्यांनी करून पाहिलाय. 1987 मध्ये सातारा जिल्ह्यात महामार्गाकडेला उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट झाला, त्या प्रकरणात 1991 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. पण इथे प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. हेड नव्हतंच, तर हेडाची पॉलिसी या धडकेला लागू का, असं कंपनीचा वकील विचारणार. शेतीच्या नावावर घेतलेलं हेड भाड्याच्या वाहतुकीला कसं, हेही विचारणार. न्यायाधिकरण फार तर सांगेल, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. न सांगितलं तर वसुली थेट या माणसाकडून, ज्याची कारखान्याकडून घेतलेली उचल अजून फिटायची असेल.

"नंबर सांगा ट्रॉलीचा," जमादार पॅड सरसावतात.

पोरगं पहिल्यांदाच बोलतं, "नंबर न्हाई."

सगळे मागे जाऊन बघतात. पत्रा आहे, त्यावर काहीही नाही, नुसता गेरू. मालक म्हणतो, "जागा सोडा साहेब, दुपारपर्यंत कागद आणून देतो."

जमादार पेन उचललेलं तसंच धरतात. चुलतभाऊ उठून, बऱ्या हाताने मोबाइल काढून, पत्र्याचा फोटो घेतो. मग चाकाचा, मग दगडांचा. जमादार त्याच्याकडे बघतात, मालकाकडे बघतात, आणि लिहितात, 'मागील ट्रॉलीस नोंदणी क्रमांक दिसून आला नाही.'

"करा सही," ते मला म्हणतात.

वाचून करतो. टपरीवाला चष्मा आणायला टपरीकडे जातो. त्यालाही वाचूनच करायचीय.