हिरवळीची झोप

उत्तर भारतात डिसेंबर उजाडला की घरापुढील हिरवळ पिवळी पडू लागते आणि जानेवारीत ती वाळल्यासारखी दिसते. गवत मेले असे समजून कित्येक घरमालक माळ्याला दोष देतात, रोज पाणी घालावयास लावतात, वर युरियाही टाकवितात. वस्तुतः ते गवत मेलेले नसते, निजलेले असते.

दिल्ली, चंडीगड, लखनौ या भागांतील हिरवळीत बहुधा दूब नावाचे गवत असते. मराठीत त्यालाच हरळी म्हणतात. गणपतीला वाहतात त्या दूर्वा याच. हे उष्ण हवेचे गवत आहे. 25 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात ते जोमाने वाढते. जमिनीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरले की वाढ थांबते व पात्यांतील हरितद्रव्य नाहीसे होते. मात्र जमिनीलगत व जमिनीखाली पसरलेली खोडे आणि मुळे जिवंत राहतात. त्यांत साठविलेल्या अन्नावर गवत हिवाळा काढते. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच खोडांच्या पेरांतून नवे कोंब फुटतात. कोकणपट्टीत एवढी थंडी पडत नसल्याने तेथील हरळी सहसा अशी निजत नाही.

बंगल्यापुढे हिरवळ राखण्याची रीत आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजली. इंग्लंडमधील गवते थंड हवेची असल्याने तेथील हिरवळ हिवाळ्यातही बहुतांशी हिरवी राहते. तीच अपेक्षा दूर्वांकडून बाळगणे रास्त नव्हे.

थंडीची खरी तयारी म्हणजे खोडांतील अन्नसाठा वाढू देणे. हे अन्न पात्यांत तयार होते. म्हणून सर्वांत महत्त्वाची ठरते ती कापणी. एरवी गवताची उंची 2.5 ते 3 सेंटिमीटर ठेवीत असल्यास ऑक्टोबरपासून ती 4 सेंटिमीटरपर्यंत वाढू द्यावी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक गवत कापू नये. पुढे दोन महिने कापणी नको, या हिशेबाने नोव्हेंबरात गवत मुळापर्यंत खरडून काढणारेही असतात. त्यात श्रम वाचतात खरे; परंतु अन्न बनविणारी पातीच गेल्याने साठा अपुरा राहतो आणि वसंतात हिरवळ विरळ उगवते. खरडण्याचे काम फेब्रुवारीअखेर, कोंब फुटण्याच्या तोंडावर करावे. कापणी दव सुकल्यावरच करावी व यंत्राला धार असावी, अन्यथा गवत कापले न जाता फाटते.

नत्रयुक्त खताची शेवटची मात्रा सप्टेंबरात द्यावी. उशिरा दिलेल्या खताने फुटलेली कोवळी पालवी थंडीत करपते. निजलेल्या गवताला आठ-दहा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन आल्यावर दिलेले पाणी पुरते. झाडांचा पडलेला पाला गवतावर साचू देऊ नये. तो जाळूही नये. दिल्लीची हिवाळी हवा आधीच धुराने कोंदलेली असते. खड्ड्यात कुजवून त्याचे उत्तम खत होते.

हिवाळ्यातही हिरवा रंग हवाच असेल, तर काही जण ऑक्टोबरात राय गवताचे बी पेरतात. ते थंडीत हिरवे राहते. पण वसंतात दूर्वांच्या वाट्याचे पाणी व ऊन घेते. घरच्या लहान हिरवळीसाठी हा खटाटोप क्वचितच फायद्याचा ठरतो.

मार्च उलटूनही कोंब दिसले नाहीत, तर हिरवळ उकरण्यापूर्वी एखादे खोड नखाने खरवडून पाहावे. आतील भाग पांढरट-हिरवा व ओलसर असल्यास गवत जिवंत आहे. तो तपकिरी असून खोड काडीसारखे मोडले, तरच तेवढ्या जागी नवी हरळी लावावी.