ठेक्यातली मोकळी जागा

मृगाचा शिडकावा नुकताच होऊन गेला होता. जुन्या जालन्यात गांधी चमनच्या पुढे नवरदेवाचा परण्या थांबलेला. घोडा सजलेला, करवल्या ताटकळलेल्या, आणि हलगीवाला मात्र रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून कागदाचे बोळे पेटवत होता. जाळावर हलगी धरून तो ती गोल फिरवायचा, मध्येच टिचकी मारायचा, कान लावायचा. आधी आवाज आला ‘धब्’. पुन्हा जाळ, पुन्हा टिचकी. चौथ्या-पाचव्या खेपेला ‘टण्ण’ निघाला, तेव्हा तो उठला. उजव्या हातातलं जाड टिपरू आणि डाव्या हातातली बारीक काडी चामड्यावर पडली, आणि इतका वेळ घड्याळ बघणाऱ्या एका आजोबांचा पाय आपसूक हलायला लागला. हलगीवर ‘झिंगाट’ सुरू झालं होतं.

त्या जाळाचं काम सोपं आहे. पावसाळी हवेत चामडं ओल पितं आणि सैल पडतं. आच लागली की ओल उडते, चामडं आकसतं, ताण वाढतो आणि आवाज चढतो. मात्र ताण चौपट झाला, तर स्वर जेमतेम दुप्पट उंच जातो. म्हणून थोडीथोडकी आच पुरत नाही, हलगी चांगलीच तापवावी लागते.

तबल्याची गोष्ट वेगळी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं, की तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई कंपनांना शिस्त लावते. वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळपास दुप्पट, तिप्पट असे पूर्ण पटीत येतात, म्हणून तबला सुरात लागतो. हलगीला शाई नाही. कोऱ्या पडद्याची कंपनं मूळ स्वराच्या सुमारे १.५९, २.१४, २.३० पटींत निघतात, आणि या आकड्यांचं एकमेकांशी जमत नाही. त्यामुळे हलगीचा एक ठाम सूर कानाला सापडत नाही. मला वाटतं, तिची खरी ताकद इथेच आहे. कुठल्याही गाण्याच्या पट्टीशी तिचं भांडण होत नाही, आणि तिच्या ठोक्याची सुरुवात इतकी धारदार असते की घोळक्यातल्या शेवटच्या माणसालाही ठोका नेमका कधी पडला हे कळतं. नाचायला तेवढं पुरतं.

‘झिंगाट’ बांधलं अजय आणि अतुल गोगावले या भावांनी. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदल्यांच्या गावी वाढलेली ही मुलं. शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर या भागात कानावर पडेल ते उचलत गेली. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. ‘जोगवा’ चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘झिंगाट’ ज्यात आहे तो नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्याच्या संगीतातला वाद्यवृंद या दोघांनी थेट लॉस एंजेलिसला, सोनीच्या ध्वनिमुद्रण दालनात वाजवून घेतला होता. एकाच चित्रपटात तिथली व्हायोलिनं आणि इथला गावरान ठेका शेजारी बसले, आणि दोन्हींपैकी कुणीच पाहुणं वाटलं नाही.

‘झिंगाट’ दोघांनी मिळून गायलंय, यातही विज्ञान आहे. दोन गळे एकच चाल गातात तेव्हा ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक आवाज सेकंदाच्या काही शतांश भागाने मागे असतो, दुसरा केसभर वर. कानाला हा फरक चूक म्हणून कळत नाही. त्याला आवाज भरीव वाटतो, चारचौघांनी मिळून गायल्यासारखा. वरातीतल्या माणसाला आपलाही आवाज त्यात मिसळावासा वाटतो.

लोकांनी तो मिसळलाच. पडद्यावर गाणं लागलं की प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचत. सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला तर रात्री १२ आणि पहाटे ३ चे खेळ लावावे लागले. २०१८ च्या ‘धडक’मध्ये हीच चाल हिंदी शब्दांवर गेली आणि मराठीचा गंध नसलेलेही तिच्यावर नाचले. शब्द बदलले तरी पाय तेच करत होते.

पायांना हे कोण सांगतं? २००९ च्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ताल ऐकवला आणि मधूनच सम गाळली. बाळांच्या मेंदूलहरींनी लगेच दखल घेतली. म्हणजे पुढचा ठोका कधी येणार याची वाट पाहणं आपण जन्मतःच सोबत आणतो. हा हिशेब मेंदूच्या गाभ्यातले बेसल गँग्लिया नावाचे भाग ठेवतात, आणि तेच शरीराच्या हालचालीही सांभाळतात. कंपवातात नेमके हेच भाग बिघडतात. त्यामुळे पाऊल अडकलेल्या कित्येक रुग्णांना ठेका ऐकवला की चालणं जमतं. मला ही गोष्ट कुठल्याही चमत्काराहून मोठी वाटते.

तरी प्रत्येक ताल नाचवत नाही. २०१४ मध्ये मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी ड्रमचे वेगवेगळे तुकडे लोकांना ऐकवले. अगदी सरळसोट ताल ऐकून लोकांना फारसं हलावंसं वाटलं नाही, फार गुंतागुंतीचा ऐकूनही नाही. अपेक्षित जागी ठोका न देता अधूनमधून हुलकावणी देणारा, पण सम न हरवणारा ताल ऐकून सर्वांत जास्त नाचावंसं वाटलं. ती रिकामी जागा आपण अंगाने भरतो. मान, खांदा, टाच, जे मोकळं असेल ते.

घुमणाऱ्या आवाजाचाही वाटा आहे. कॅनडातल्या ऑर्फेक्स या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीच्या कार्यक्रमात शास्त्रज्ञांनी कानाला ऐकूच येऊ नयेत इतक्या खालच्या कंपनांचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलले, आणि फरक कुणाच्या लक्षातही आला नाही. मग डीजेच्या भिंती उभारायच्या कशासाठी? १०० डेसिबल आवाजात सुरक्षितपणे राहायची मुदत जेमतेम १५ मिनिटं. त्या भिंतीपुढे कडेवरची लेकरं पाहिली की माझा जीव कळवळतो. नाचवायला हलगी पुरते, हे त्या संध्याकाळी समोर दिसत होतं.

पाऊण तासाने हवेतल्या ओलीने चामडं पुन्हा मंदावलं. हलगीवाला खांद्यावरचा पट्टा काढत कडेला गेला, खिशातून काडेपेटी काढली. ठेका थांबला. घोड्यापुढचा सहा-सात वर्षांचा एक पोरगा मात्र थांबला नाही. त्या शांततेतच त्याची टाच डांबरावर पडत राहिली, मध्ये एक जागा मोकळी सोडून, पुन्हा बरोबर समेवर.