शेवटच्या किमोनंतरची काळजी

शेवटची किमो झाली, केस परत येऊ लागले, की घरात शुक्रान्याची नमाज होते, नातेवाईक मिठाई घेऊन येतात. पण स्तनाच्या कर्करोगात पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते. बोरिवली किंवा मुलुंडहून परळचे टाटा रुग्णालय गाठायचे म्हणजे लोकलची गर्दी, अख्खा दिवस आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. एक तारीख चुकते, मग दुसरी. "आता बरी आहे ना!" म्हणत फाइल कपाटावर जाते.

यातल्या काही तपासण्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे होऊ शकतील का? कॅनडात सुरुवातीच्या टप्प्यात उपचार झालेल्या 968 स्त्रियांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची तपासणी तज्ज्ञांकडे, काहींची फॅमिली डॉक्टरांकडे झाली. आजार उलटून होणाऱ्या गंभीर त्रासात फरक दिसला नाही. मात्र तिथल्या डॉक्टरांच्या हाती काय पाहायचे याचे एक पान दिलेले होते. माझ्या मते सगळे त्या पानात आहे.

वस्तीत काम करणाऱ्या बायकांवर भरवसा ठेवावा का, याचे उत्तर मुंबईतच आहे. टाटा रुग्णालयाने 1998 मध्ये झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. तो अभ्यास रोग लवकर ओळखण्याचा होता, उपचारानंतरचा नव्हे. पण स्त्रीने स्त्रीला तपासले की संकोच निम्मा होतो.

अंधेरी-घाटकोपरच्या भगिनींनी एवढे करावे. परळच्या डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्यावे: कोणती शस्त्रक्रिया झाली, गोळी किती वर्षे, पुढची मॅमोग्राफी कधी (ती वर्षातून एकदा). त्याची प्रत जवळच्या डॉक्टरांकडे ठेवावी. त्रास नसताना दरवेळी पेट स्कॅनचा खर्च करायची गरज नसते. पण नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, धाप, टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव यांसाठी तारखेची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातात बांगडी घट्ट होऊ लागली तर ती सूज दाखवावी. हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी जावे. रमजानमध्ये गोळी बंद करू नये. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर सहरी की इफ्तारला, ते डॉक्टरांना आधीच विचारावे.