345 हॉर्सपॉवरची कॉर्व्हेट सोडून लोक 116 हॉर्सपॉवरची मियाटा ट्रॅकवर का नेतात?

समजा, अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्याने जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापुरते पैसे साठवले आहेत. ही गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रेस ट्रॅकवर न्यायची आणि मनसोक्त पळवायची, एवढाच बेत.

समोर दोन जाहिराती आहेत. एक शेव्हर्ले कॉर्व्हेटची. 1997 मॉडेलची सी5, 5.7 लिटरचं व्ही8 इंजिन, 345 हॉर्सपॉवर. दुसरी माझदा एमएक्स-5ची, जिला अमेरिकेत सगळे 'मियाटा' म्हणतात. 1.6 लिटरचं इंजिन आणि 116 हॉर्सपॉवर. शून्यावरून ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठायला तिला साधारण 9 सेकंद लागतात. आजकालच्या बऱ्याच फॅमिली कारही हे तिच्याआधी करतात.

कागदावर निकाल लागल्यातच जमा आहे. तरीही ट्रॅकवर नवखा असलेल्या माणसाला जुनी जाणती मंडळी दुसरी गाडी घ्यायला सांगतात. मियाटा या नावाच्या पाच इंग्रजी अक्षरांवरून त्यांनी एक वाक्यच बनवलंय, 'मियाटा इज ऑल्वेज दि आन्सर'. विनोद म्हणून ते सांगितलं जातं, पण त्यामागे बरंच गणित आहे.

ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. हौशी लोक ज्याला 'ट्रॅक डे' म्हणतात, ती शर्यत नसते. तिथे बक्षीस नसतं, नंबर नसतो. पैसे भरून ठराविक वेळ ट्रॅकवर गाडी चालवायला मिळते. साधारण 20 ते 30 मिनिटांचं एक सेशन आणि दिवसभरात अशी चार-पाच सेशन. अमेरिकेत नवख्यांसाठीच्या अशा कार्यक्रमांत शेजारच्या सीटवर प्रशिक्षक बसतो आणि पुढच्या ड्रायव्हरने हाताने खूण केल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नसतं.

म्हणजे गाडीकडून अपेक्षा काय? एक लॅप विक्रमी वेळेत मारणं नाही, तर वीस मिनिटं न थांबता पळणं, मग थोडं थंड होणं, मग पुन्हा तेच. आणि संध्याकाळी शक्यतो स्वतःच्या चाकांवर घरी जाणं. स्पोर्ट्स कार कितीही भारी असली तरी ती रस्त्यासाठी बनवलेली असते. रस्त्यावर आपण एकदा जोरात ब्रेक मारतो आणि मग पाच मिनिटं मारत नाही. ट्रॅकवर प्रत्येक मोठ्या वळणाआधी तोच ब्रेक तसाच करकचून दाबायचा असतो.

अडीच लिटर पाणी की सहा?

घाट उतरताना ब्रेक तापल्याचा जळका वास अनेकांनी घेतला असेल. ब्रेक काही वेग 'गिळून' टाकत नाही. गाडीच्या गतीतली सगळी ऊर्जा तो उष्णतेत बदलतो.

एक ढोबळ हिशेब करू. ड्रायव्हरसह मियाटाचं वजन धरा 1,050 किलो. लांब सरळ पट्ट्यानंतर ती ताशी 160 किलोमीटरवरून 80 वर आणायची आहे. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर एवढ्यात जी उष्णता तयार होते तिच्यात साधं, 25 अंशांवरचं सुमारे अडीच लिटर पाणी उकळीला येईल.

आता कॉर्व्हेट. ड्रायव्हरसह 1,550 किलो धरू. पण फक्त वजनच जास्त नाही. ताकद जास्त असल्याने त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी ती 160 ऐवजी 200 च्या वेगात पोहोचते. तिथून 80 वर यायचं म्हणजे सहा लिटरपेक्षा जास्त पाणी उकळण्याइतकी उष्णता. तीही काही सेकंदांत. एका लॅपमध्ये अशी चार-पाच वळणं आणि एका सेशनमध्ये दहा-बारा लॅप.

ही उष्णता डिस्क आणि पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट 4 दर्जाचं नवीन ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ठराविक प्रमाणात पाणी मुरल्यावर हाच निकष 155 अंशांवर येतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. मग पाय पॅडलवर, पॅडल तळाला टेकलेलं आणि गाडी मात्र तशीच पुढे. ट्रॅकवरच्या अनेक अपघातांची सुरुवात अशी होते.

हॉर्सपॉवर विकत घेताना त्यासोबत मोठे ब्रेक, रुंद टायर आणि मोठा रेडिएटरही विकत घ्यावा लागतो. तोही एकदा नाही, तर झिजेल तसा वारंवार. जुन्या मियाटाला 14 इंची चाकांवर 185 मिलिमीटर रुंदीचे टायर लागतात. कॉर्व्हेटच्या मागच्या टायरची रुंदी 275 मिलिमीटर. दोन्हींच्या बिलांची तुलना न केलेलीच बरी.

वळणावर तेल कुठे जातं?

दुसरी अडचण अजून छुपी आहे. बहुतेक गाड्यांत इंजिन ऑइल खालच्या परातीसारख्या भांड्यात, म्हणजे संपमध्ये साठतं आणि पंप ते तिथून वर खेचतो. चांगल्या चिकट टायरवर गाडी वळणात घातली की तिला बाजूला लोटणारा जोर जवळपास गुरुत्वाकर्षणाएवढा होतो. अशा वेळी संपमधल्या तेलाची पातळी 45 अंशांत कलते. वळण लांबलचक असेल तर तेल एका कडेला जमून राहतं आणि पंपाच्या तोंडाशी येते हवा. बेअरिंगला दोन-तीन सेकंद तेल मिळालं नाही, तरी इंजिनचं मोठं नुकसान होऊ शकतं.

यात गंमत अशी, की रस्त्यावरच्या साध्या टायरवर हाच धोका कमी असतो, कारण ते आधीच घसरू लागतात. म्हणजे 'फक्त टायर बदलू या' म्हणून सुरुवात करायची आणि तिथून इंजिनच्या संपपर्यंत पोहोचायचं. ट्रॅक कार बनवणं महाग पडतं ते या साखळीमुळे. एक भाग सुधारला की पुढचा कमकुवत भाग उघडा पडतो. टायरनंतर चाकांचे बेअरिंग, मग सस्पेन्शनचे रबरी बुश, मग पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. हलक्या आणि कमी ताकदीच्या गाडीत ही साखळी छोटी राहते, इतकंच.

मियाटात एवढं काय आहे?

फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली गेली. त्याआधी ब्रिटिशांच्या छोट्या, उघड्या टपाच्या दोन सीटर गाड्या लोकप्रिय होत्या, पण गळणारं तेल आणि दगा देणारं वायरिंग ही त्यांची ओळख होऊन बसली होती. माझदाने तीच कल्पना घेतली आणि जपानी विश्वासार्हतेने बनवली. तोशिहिको हिराई यांच्या टीमने डोळ्यांसमोर ठेवलेला शब्द होता 'जिंबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणं.

इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन दोन्ही अ‍ॅक्सलवर जवळपास समान, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आणि एकूण वजन साधारण 950 ते 1,000 किलोच्या आसपास. एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 तयार झाली. एवढ्या गाड्या बनल्या म्हणून स्पेअर पार्टही मुबलक. शिवाय अमेरिकेत 'स्पेक मियाटा' नावाचा हौशी रेसिंगचा एक वर्गच आहे. त्यात सगळे याच गाडीवर, ठरवून दिलेल्या मोजक्याच बदलांसह उतरतात. त्यामुळे या गाडीत ट्रॅकवर काय तुटतं, कधी तुटतं आणि त्यावर उपाय काय, हे हजारो लोकांनी आधीच स्वतःच्या खिशातून शोधून ठेवलंय. नवख्यासाठी ही माहिती हॉर्सपॉवरपेक्षा मोलाची.

म्हणजे मियाटा निर्दोष आहे असं नाही. सुरुवातीच्या, 1990 आणि 1991 च्या पूर्वार्धातल्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट नीट घट्ट नसला की खाच झिजते आणि क्रँकच बाद होते. 1.6 लिटरच्या गाड्यांचा मागचा डिफरन्शिअल नाजूक. इंजिन मुळात माझदाच्या छोट्या, आडव्या इंजिनाच्या गाडीतलं. इथे ते उभं बसवताना कूलंटचा मार्ग बदलला आणि मागच्या सिलिंडरला थंडावा कमी मिळू लागला. म्हणून ट्रॅकवाले हा मार्ग पुन्हा बदलून घेतात. मागच्या चाकापुढच्या खालच्या पत्र्यात गंज असेल, तर बाकी काही न बघता निघून यावं.

या सगळ्याचा विचार केला तर 1994 नंतरची 1.8 लिटर किंवा 1998 नंतरची दुसरी पिढी घेणं शहाणपणाचं. पहिल्या पिढीचे उघड-मीट करणारे हेडलाइट इतके गोंडस आहेत, की संग्राहकांनी तिचे भाव चढवून ठेवलेत. हेडलाइट आवडले म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि मग तीच गाडी भिंतीच्या जवळून पळवायची, याला काही अर्थ नाही.

दुसरे पर्याय आहेत, पण प्रत्येकाचं एक दुखणं आहे. बीएमडब्ल्यूच्या ई46 एम3मध्ये मागचा सबफ्रेम जिथे जोडलेला असतो तो पत्रा तडकतो. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग गेलं की इंजिन जातं. होंडा एस2000 अप्रतिम, 9,000 आरपीएमपर्यंत फिरणारी, पण आता तिचे भाव असे झालेत की ट्रॅकवर नेताना हात थरथरावा. टोयोटा जीटी86 आणि तिची जुळी सुबारू बीआरझेड मात्र चांगली निवड आहे, विशेषतः ज्यांना डोक्यावर पत्र्याचं छप्पर हवंय त्यांच्यासाठी.

छप्पर नसलेल्या गाडीत डोक्याचं काय?

मियाटाच्या सगळ्या कौतुकात हा मुद्दा मागे पडतो. उघड्या टपाची गाडी उलटली, तर पुढच्या काचेची चौकट आणि ड्रायव्हरचं डोकं एवढंच जमिनीच्या मध्ये असतं. म्हणून बऱ्याच ट्रॅक आयोजकांची अट असते, की सीटमागे पोलादी रोल बार हवाच. तोही दिखाऊ नको. तपासायची पद्धत अगदी साधी आहे. रोल बारच्या वरच्या कडेपासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत एक सरळ काठी धरतात. हेल्मेट घालून बसलेल्या ड्रायव्हरचं डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे. उंच माणसं इथेच नापास होतात. त्यामुळे गाडी विकत घेण्याआधी हेल्मेट घालून तिच्यात बसून बघणं गरजेचं.

संपूर्ण पिंजरा, म्हणजे रोल केज बसवला की सुरक्षितता वाढते, पण ती फक्त ट्रॅकवर. हेल्मेट आणि रेसिंगचे पट्टे नसताना, रस्त्यावरच्या छोट्या अपघातातही डोकं त्याच पोलादी नळीवर आपटू शकतं. केज बसवलेली गाडी मग रस्त्यावरची राहत नाही. ती ओढून न्यायला ट्रेलर, ट्रेलर ओढायला मोठी गाडी आणि दोन्ही ठेवायला जागा. खर्चाचा खरा उंबरठा हाच.

म्हणून अनुभवी लोक पैसे खर्च करण्याचा क्रम असा सांगतात: आधी गाडीचं सगळं राहिलेलं मेंटेनन्स, मग ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल, रोल बार, सीट, टायर आणि नंतर सस्पेन्शन. इंजिनची ताकद वाढवणं सगळ्यात शेवटी, आणि तोवर बऱ्याच जणांना त्याची गरज वाटेनाशी होते. याहून स्वस्त मार्गही आहे, दुसऱ्याने बनवलेली ट्रॅक कार घेणं. अशा गाडीवर खर्च केलेले पैसे विकताना क्वचितच पूर्ण वसूल होतात. तोटा आधीच्या मालकाचा. फक्त वेल्डिंगचं काम जाणकाराला दाखवून घ्यायचं.

पुण्या-मुंबईत हे जमेल का?

मियाटा इथे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. जुनी गाडी आयात करायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उजव्या हाताला स्टिअरिंग असलेलीच हवी, असा नियम आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या मियाटाचा रस्ता तिथेच बंद होतो.

पण तर्क तोच वापरता येतो. भारतातल्या टुरिंग कार शर्यतींत वर्षानुवर्षं मारुती एस्टीम, होंडा सिटी, फोक्सवॅगन पोलो अशा गाड्या धावल्या. हलक्या, ओळखीच्या आणि ज्यांचे पार्ट कुठेही मिळतात अशा. अडचण ट्रॅकच्या अंतराची. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ही इथली ओळखीची नावं, आणि पुण्याहून तिन्ही हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब.

त्यात कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. म्हणजे एकच गाडी सोमवारी ऑफिसला आणि रविवारी केज लावून ट्रॅकवर, हे इथे बसत नाही. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर एवढ्यावर थांबायचं किंवा गाडी फक्त ट्रॅकची करून ट्रकवर चढवून न्यायची.

आणि विमा? आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' या मथळ्याखाली बारीक अक्षरांत काही वापर वगळलेले असतात. त्यात आयोजित शर्यती आणि वेगाची चाचणी यांचा स्पष्ट उल्लेख असतो. ट्रॅकचे पैसे भरण्याआधी ती ओळ एकदा काढून वाचावी.